माळ्याचा पडदा

हिंदमाताच्या दुकानात दोन चादरी झाल्या, उशीचे अभ्रे झाले, एक सतरंजी झाली. आता पिशव्या उचलून निघू या, असं माया म्हणणार तोच रखमाने पर्समधून सुतळीची गुंडी काढून काउंटरवर ठेवली. सुतळीला मध्ये एक गाठ होती. टोकापासून गाठीपर्यंत रुंदी, गाठीपासून पुढे उंची, असं तिने दुकानदाराला समजावलं आणि पडद्याचा कपडा दाखवायला सांगितला. डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत माप असंच घेतात. टेप वेळेवर कोणाच्या घरी सापडत नाही, सुतळी सगळ्यांकडे असते.

मायाने उलगडलेल्या सुतळीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात माप लावलं. परबांचा सगळा संसार एका खोलीत होता. मोठे दीर बाबुराव, त्यांची बायको रखमा, त्यांचा मुलगा रघु. मग निलेश, माया आणि त्यांची अक्षदा. त्या खोलीत एवढं रुंद आणि एवढं बुटकं तोंड एकाच गोष्टीला होतं. खिडकीला पडदा होता, मोरीला होता, दाराला दार होतं. उरला मोरीवरचा पोटमाळा. गेली तीन वर्षं अक्षदा त्यावर अभ्यास करत होती, झोपत होती, वाकून वाकून कपडे बदलत होती, आणि तीन वर्षं एकच गोष्ट मागत होती. माळ्याला पडदा लावा. घरातल्या घरात पडदे कोणापासून लावायचे, आम्ही काय परके आहोत, असं रखमा दर वेळी विचारायची. मायाही मग लेकीलाच गप्प करायची, कारण एका पडद्यासाठी घरात तोंडं फिरलेली तिला परवडत नव्हती.

तरीच मोठी जाऊ आठवडाभर साखर पेरत होती. रत्नागिरीच्या फिशरीज कॉलेजात अक्षदाचं नाव लागल्यापासून हॉस्टेलच्या खरेदीला रखमाचाच उत्साह जास्त. मासे शिकायला रत्नागिरीला कशाला जायला हवं, मी हिला भाऊच्या धक्क्यावर नेते, अशी तिने पहिल्या दिवशी थट्टा केली होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र बादली घ्या, कुलूप घ्या, मोठी ट्रंक घ्या, काही म्हणता काही मागे ठेवू नका, असा तिचा धोशा सुरू झाला. पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर चाललीय, तिला काही कमी पडू नये, असं ती चाळीत सगळ्यांना सांगत होती. मायाला ते ऐकून बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

"हा कुठे लावणार, वहिनी?" तिने विचारलं.

"माळ्याक." रखमाने मोरपंखी कपड्याचं टोक बोटांत धरून चोळून पाहिलं. "दिवाळी झाली काय रघूचा लगीन. सून खय निजतली? गॅलरीत?"

"आणि अक्षदा?"

"ती आता हय खय आसा?"

"सुट्टीत येईल ना."

"येतली तेवा येतली. चार दिस ऱ्हवतली, परत जातली. तेच्यासाठी चार वर्सा माळो अडवून ठेवचो?" रखमाने कपडा दुकानदाराकडे सरकवला आणि कापायला सांगितला. मग मायाकडे न बघता म्हणाली, "माका काय इचारतंस? निलेशाक इचार. तो हो म्हणालो, म्हणान मी कपडो घेतंय."

दुकानदाराने कात्री चालवली. नवऱ्याला जे ठाऊक होतं ते आपल्याला कपड्याच्या दुकानात कळावं, याचा अपमान तिला पडद्यापेक्षाही जास्त लागला.

टॅक्सीत दोघींच्या मध्ये पिशव्यांचा ढीग होता. रखमाला आपण काही वाईट करतोय असं मुळीच वाटत नव्हतं. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं सासूच्या शेजारी अंथरूण घालून झोपली होती आणि बाबुराव गॅलरीत. कारण माळ्यावर निलेश भावजी बारावीचा अभ्यास करत होते. घरात कोणी खोकायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, भावजींचं वर्ष आहे. आणि इतकं करून भावजी बारावीला आपटले. अभ्यासाचा आणि माळ्याचा संबंध किती असतो ते रखमाने तेव्हाच पाहून घेतलं होतं. पुढे सासऱ्यांचं अंथरूण वर गेलं, ते त्यांच्याबरोबरच खाली आलं. माया आली तेव्हा तिलाही माळा मिळाला नाही, हे रखमाला आठवत होतं. पण म्हणून आता माझ्या सुनेलाही मिळू नये का? होणारी सून आकांक्षा, तिची आई खोली बघायला आली होती. चहाचा कप हातात धरून तिने एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं, आणि विचारलं, मुलगी कुठे झोपेल? रघूची याआधी दोन लग्नं याच प्रश्नावर मोडली होती. या वेळी रखमाने वर बोट दाखवलं आणि पडदाही लावणार आहोत, असं ठासून सांगितलं. ते बोट आता मागे घेता येत नव्हतं.

माया बाहेर बघत होती. तिचा कोपर पिशव्यांवर होता आणि रखमाला तो कोपर सारखा टोचत होता. बोल बाई, भांडायचं असेल तर भांड, असं तिला वाटलं. चाळीच्या दाराशी माया उतरली आणि पिशव्या एकेक करून बाहेर काढू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने पडदा सकाळीच शिवून कड्या लावून दिला. तो घडी घालून कपाटावर ठेवला होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस त्या घडीकडे बघायचं टाळत होतं. खोलीच्या मध्यभागी ट्रंक उघडी पडली होती. बादलीत मग, मगात कपड्यांचे चिमटे, चिमट्यांवर साबण, अशी भर पडत होती. अक्षदा माळ्यावरून एकेक वस्तू खाली देत होती आणि रघु शिडीच्या पायथ्याशी उभा राहून ती झेलत होता.

निलेश गॅलरीत कपडे वाळत घालायला गेला, जे तो एरवी कधी करत नसे. माया त्याच्या मागे गेली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे निलेशलाही माहीत होतं. पण ते आपल्या पाळीत फुटू नये, एवढीच त्याची आयुष्यभर इच्छा असायची.

"सांगणार होतो मी तुला," तो आधीच म्हणाला.

"कधी? ट्रंक खाली उतरल्यावर?"

"हळू बोल. शेजारी ऐकतायत."

"मी हळूच बोलतेय. एकवीस वर्षं हळूच बोलतेय."

निलेशने ओला टॉवेल पिळला, जो आधीच पिळलेला होता. बाबुरावदादाने याच गॅलरीत त्याला माळ्याचं विचारलं होतं. विचारलं असंही म्हणता येत नव्हतं. पोरीनेच प्रश्न सोडवला बघ निलेश, सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून दादा हसला होता, आणि त्याच्याबरोबर निलेशही हसला होता. दादा हसला की आपणही हसायचं, ही त्याची फार जुनी सवय. बारावीला आपटल्यावर वडिलांनी त्याला घराबाहेर काढायचं बाकी ठेवलं होतं, तेव्हा दादाने शिवडीच्या गोदामात स्वतःच्या ओळखीवर त्याला चिकटवलं. आज तो तिथे सुपरवायझर होता. त्याच्या अंगावरचा प्रत्येक शर्ट त्या एका दिवसातून आला होता, असं त्याला खरंच वाटायचं.

"दादाचा शब्द मी कसा मोडू, माया?"

"नका मोडू. मुलीला मोडीत काढा, ते सोपं आहे."

तेवढ्यात रघु दारात आला. तो वाईट मुलगा नव्हता. अक्षदाला सायकल त्याने शिकवली होती, दहावीला गणितही त्यानेच घेतलं होतं. काकी, मी विरारला भाड्याने जागा बघतो, लग्नानंतर आम्ही तिकडेच राहू, अक्षूचा माळा अक्षूलाच राहू दे, असं तो एका दमात म्हणाला. मायाने त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर तिला वाटलं, या घरात एक माणूस आपल्या बाजूचा आहे. पण आतून रखमाचं रडू ऐकू आलं. एकुलता एक झील विरारला जाणार, आणि मी हय कोणाच्या तोंडाक बघू, असं ती ट्रंकेपाशी बसून म्हणत होती. रघूने मान खाली घातली. आत जाऊन तो आईशेजारी बसला आणि पुन्हा विरारचं नाव त्याने काढलं नाही.

खाटेवर बसलेल्या बाबुरावांनी पेपर खाली ठेवला. ते घरात क्वचितच बोलत, म्हणून त्यांचं बोलणं सगळे ऐकत.

"खोली माझ्या नावावर आहे," ते म्हणाले. "पण मी ते कधी बोललो नाही. आजही बोलायची वेळ आणू नका."

बोललो नाही म्हणता म्हणता ते बोलून झालं होतं. निलेशने दारातूनच पंख्याकडे पाहिलं. रखमाने डोळे पुसले आणि ट्रंकेत मसाल्याची बरणी कापडात गुंडाळून ठेवू लागली. लालबागहून स्वतः उभं राहून कुटून आणलेला मसाला होता, वर्षाच्या बेगमीतला. तिने त्यातला मोठा वाटा अक्षदाला काढला होता, आणि तोही मनापासून. मायाला त्याचाच जास्त राग आला. माणूस सगळाच वाईट असता तर भांडायला किती सोपं गेलं असतं.

दुपारी जेवणं झाल्यावर बाकीचे आडवे झाले. माया उठली, कपाटावरची पडद्याची घडी उचलली आणि ट्रंकेत तळाशी, सतरंजीच्या खाली सारली. आपण चोरी करतोय हे तिला कळत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. निदान माझ्या पोरीचा पडदा माझ्या पोरीकडे जाईल, एवढाच तिचा हिशेब होता.

"आई, तो काढ," माळ्यावरून अक्षदा म्हणाली.

ती कडेला पालथी झोपून खाली बघत होती. सगळी दुपार ती तशीच खालचं बघत आली होती. या माळ्यावरून खालची सगळी डोकी दिसतात आणि खालून कोणी वर बघत नाही, हे तिला दहावीतच कळलं होतं. ती शिडीवरून उतरली, सतरंजी उचलून घडी बाहेर काढली आणि आईच्या हातात दिली. मग तिला गॅलरीच्या टोकाला, जिन्यापाशी घेऊन गेली.

"मला तिथे लागणार नाही. हॉस्टेलच्या खोलीला दार आहे," ती म्हणाली. "तिघी आहोत आम्ही एका खोलीत. पण दार आहे."

"असू दे. तुझ्या माळ्याच्या मापाचा आहे तो."

"माहितीय. माप मीच काढलंय."

मायाला आधी कळलंच नाही. मग कळलं. रखमाच्या गुडघ्यांमुळे तिला शिडी चढता येत नव्हती. सुतळी घेऊन वर कोणीतरी जायलाच हवं होतं.

अक्षदा शांतपणे सांगत होती, आणि त्या शांतपणाचीच मायाला भीती वाटली. मे महिन्यात, रिझल्टच्या आधी, एक दिवस काकीने सुतळी हातात दिली आणि वरच्या तोंडाचं माप घे म्हणाली. पडद्यासाठी का, असं अक्षदाने विचारलं, तर काकी हो म्हणाली.

"मला वाटलं शेवटी ऐकलं कोणीतरी. मी दोनदा मोजलं, चुकू नये म्हणून. खिळे ठोकून तारपण ओढून ठेवली. काकी खालून बघत होती, काही बोलली नाही. मग त्या आकांक्षाची आई आली. काकीने वर बोट दाखवलं, पडदा लावणार म्हणून सांगितलं. मी वरच होते, आई. पुस्तक घेऊन बसले होते. त्या बाईने मला बघितलं आणि हसल्यासारखं केलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, जाऊ दे."

मायाने तेच म्हटलं असतं.

"दादरच्या कॉलेजातपण नाव लागलं होतं माझं," अक्षदा म्हणाली. "तू म्हणालीस ना, मुलीला माशांची एवढी काय आवड. मला माशांची काही आवड नाहीये. मला खायला आवडतात फक्त."

ती हसली. मायाला हसू आलं नाही.

"चार वर्षांनी येशील ना पण?"

अक्षदाने आईच्या हातातली पडद्याची घडी नीट केली, एक कडी बाहेर आली होती ती आत सारली. "तू ये ना तिकडे," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी भांडायला परत येणार नाही, आई. आणि माझ्यासाठी तू आता भांडू नकोस. उशीर झाला."

एवढं बोलून ती आत गेली आणि ट्रंकेचं झाकण लावून तिने नवीन कुलूप घातलं. किल्ली ओढणीला बांधली. मायाच्या मनात आलं, ही मुलगी आपल्याला सोडून जायला हिंदमाताला नेऊन आपणच तयार केली. चादरी आपणच निवडल्या.

सोमवारी सकाळी परळ डेपोतून एसटी सुटली. निलेशने ट्रंक चढवली आणि खिडकीखाली उभा राहून पाणी पी, फोन कर, पोचलीस की कळव, हे तीन शब्दप्रयोग आलटून पालटून वापरले. तो रडला नाही, पण नाक पुसण्याच्या निमित्ताने त्याने रुमाल बराच वेळ चेहऱ्यावर धरला. रखमा घरीच थांबली होती. निघताना अक्षदा पाया पडली तेव्हा तिने तिला पोटाशी धरलं आणि ती खरंखुरं रडली. अक्षदानेही तिला काकी, गुडघ्यांना तेल लाव, असं सांगितलं. या घरातली माणसं एकमेकांना लुबाडत असतानाही एकमेकांची काळजी सोडत नसत, हीच त्यांची सगळ्यात मोठी अडचण होती.

गाडी वळली. निलेश तिथूनच शिवडीला गेला. माया काम करत होती त्या लॅबमध्ये तिने फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि ती घरी आली.

बाबुराव खाली वाचनालयात गेले होते, रघु कामावर. रखमा तांदूळ निवडत बसली होती. उद्या एखादा पोरगा बोलवून माळा धुऊन घेऊ या, ओल धरायच्या आत रंगही काढू, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात रडण्याचा जडपणा अजून होता. मायाने कोपऱ्यातली आपली वळकटी उचलली, कपाटावरची पडद्याची घडी काखेत घातली, आणि शिडी चढली.

तीन वर्षांत ती या माळ्यावर एकदाही आली नव्हती. चहाचा कप खालून वर द्यायची, जेवणाचं ताट खालून वर द्यायची, अंगात ताप असला तर पायरीवर उभी राहून हात लांबवून कपाळ बघायची. वर आल्यावर तिने बसायला म्हणून पाठ सरळ केली आणि तिचं डोकं छताला आपटलं. इथे ताठ बसता येत नाही, हे अक्षदा कधी बोलली नव्हती. वर पत्र्याचा उकाडा होता, मोरीचा वास होता, आणि खालचा प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. तांदळातला खडा ताटात पडलेलाही. म्हणजे सगळंच ऐकू येत असणार. रोजची कुजबुज, रोजचं जाऊ दे. मायाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही, कारण इथे बघणारं कोणी नव्हतं.

तार ओढलेली होती. दोन्ही बाजूंना दोन खिळे, एक जरा वाकडा गेलेला. उन्हाळ्यापासून माया ती तार खालून बघत होती आणि ओले रुमाल वाळत घालायला असेल असं समजत होती. तिने एका बाजूची तार सोडवली, एकेक कडी ओवली आणि तार पुन्हा खिळ्याला घट्ट गुंडाळली.

"माया," खालून रखमाने हाक मारली. "काय करतंस गो वर?"

"अंथरूण घालतेय."

"कोणाचा?"

"माझं. आजपासून मी इथे झोपणार आहे, वहिनी."

तांदळाचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रखमा म्हणाली, "येड लागला काय तुका? रघूचा लगीन आसा."

"माहितीय. पण अक्षदा सुट्टीत येईल तेव्हा तिला जागा लागेल. तोवर मी अडवून ठेवते."

"ती येवची नाय," रखमा म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिलाही ते दिसलं होतं, आणि म्हणून ती सकाळी एवढी रडली होती.

"माहितीय," माया म्हणाली.

तिने हात लांब करून पडदा ओढला. मोरपंखी कपडा एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत गेला आणि खालची कड फळीला येऊन टेकली. कुठे फट राहिली नाही. माप अक्षदाने बरोबर घेतलं होतं.